उंदरांतील जनुक-मॅपिंग: लक्षण ठरवण्यापासून जनुक सिद्ध करण्यापर्यंतचा क्रम आणि वाटेतल्या नेहमीच्या चुका

जनुक-मॅपिंगचे, म्हणजे एखाद्या लक्षणामागचे जनुक गुणसूत्रांवर कुठे आहे हे शोधण्याचे, काम बिघडते ते बहुधा क्रम चुकल्यामुळे. आधी डीएनए काढला जातो, नंतर जीनोटाइपिंगचा (प्रत्येक उंदरात ठरावीक स्थानांवर डीएनएचा कोणता प्रकार आहे हे तपासण्याचा) खर्च होतो आणि ज्या लक्षणाचे मूळ शोधायचे ते लक्षण नेमके कसे मोजायचे, याचा विचार सर्वांत शेवटी केला जातो. दुसरी तितकीच सर्रास होणारी चूक म्हणजे नकाशावर एक शिखर (लक्षणाशी सर्वांत घट्ट संबंध दाखवणारी जागा) दिसले की त्याखालचे ओळखीचे नाव उचलून 'जनुक सापडले' असे लिहून टाकणे. मॅपिंगमधून आधी प्रदेश मिळतो, जनुक नंतर सिद्ध करावे लागते. शिवार कळले म्हणजे गट क्रमांक कळला असे होत नाही, आणि मोजणी त्यानंतरच सुरू होते.

वर्धा, यवतमाळ, भंडारा किंवा गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत, लहानशा नोंदणीकृत ॲनिमल हाऊसच्या आधाराने काम करणारे पदव्युत्तर विद्यार्थी, संशोधक आणि त्यांचे मार्गदर्शक यांच्यासाठी हा लेख आहे. जीनोटाइपिंगचे यंत्र आपल्या महाविद्यालयात नसले तरी हे काम नीट करता येते, कारण यंत्राचे काम बाहेरून करून घेता येते. लक्षणाची मोजणी, संकराची आखणी आणि नोंदी मात्र आपल्यालाच कराव्या लागतात आणि निकालाची गुणवत्ता त्यांवरच ठरते.

एवढे आधी स्पष्ट असावे. उंदरात गुणसूत्रांच्या २० जोड्या असतात आणि त्याच्या जीनोमची लांबी डीएनएची सुमारे २७० कोटी अक्षरे आहे. जननपेशी तयार होताना जोडीतील गुणसूत्रे आपापसांत तुकडे बदलतात. दोन स्थाने जितकी जवळ, तितकी ती एकत्रच पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता अधिक. शंभर जननपेशींपैकी एकीत दोन स्थानांमध्ये अदलाबदल झालेली दिसली, तर त्या स्थानांमधले अंतर एक सेंटिमॉर्गन मानतात. उंदरात हे अंतर सरासरीने सुमारे २० लाख अक्षरांइतके भरते. पुढचे सगळे गणित या एका गोष्टीवर उभे आहे.

टप्पा १: लक्षण निश्चित करणे

प्रथम लक्षण एका जनुकाचे आहे की अनेक जनुकांचे, याचा अंदाज घ्यावा. पिल्ले 'बाधित' आणि 'निरोगी' अशा दोन स्पष्ट गटांत विभागता येत असतील, तर काम तुलनेने सरळ असते. रक्तातील साखर, वजन, परजीवींचे प्रमाण, यकृतावरील चरबी अशी सलग बदलणारी लक्षणे असतील, तर त्यांमागे अनेक स्थाने असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी संकराची रचना आणि उंदरांची संख्या दोन्ही बदलतात.

त्यानंतर ज्या दोन स्ट्रेनांचा (उंदरांच्या वंशांचा) संकर करायचा, त्या दोन्हींत हे लक्षण मोजावे: नर आणि मादी दोघांत, ठरलेल्या वयात, दिवसाच्या ठरलेल्या वेळी आणि शक्यतो एकाच व्यक्तीच्या हातून. मोजणाऱ्याला उंदीर कोणत्या स्ट्रेनचा आहे हे माहीत नसावे. रंगामुळे ते लपवणे अवघड असेल, तर रक्ताचे किंवा ऊतींचे नमुने केवळ क्रमांक लावून मोजणीसाठी द्यावेत. एकाच उंदराचे मोजमाप काही दिवसांनी पुन्हा घेतल्यावर आकडे फार बदलत असतील, तर ते लक्षण अजून मॅपिंगसाठी तयार नाही.

मग पहिल्या पिढीतील संकरित पिल्लांत तेच लक्षण मोजावे. ती निरोगी असतील तर लक्षण बहुधा अप्रभावी आहे, बाधित असतील तर प्रभावी, आणि मधोमध असतील तर अनेक स्थानांचा किंवा अंशतः प्रभावी जनुकाचा विचार करावा. ही पायरी पुष्कळ जण वेळ वाचवण्यासाठी गाळतात. पण पुढे कोणता संकर करायचा हे याच पायरीवर ठरते, त्यामुळे वाचलेला वेळ नंतर व्याजासह द्यावा लागतो.

सावधान: स्ट्रेनांचे जन्मजात दोष लक्षणात मिसळतात. सी३एच आणि एफव्हीबी या स्ट्रेनांतील उंदरांचा दृष्टिपटल लहान वयातच नष्ट होतो. त्यामुळे डोळ्यांनी खुणा पाहून वाट शोधण्याच्या चाचणीत ते नापास झाले, तर कारण स्मरणशक्ती असेलच असे नाही. सी३एच/हेजे या उपस्ट्रेनमध्ये टीएलआर४ जनुक बिघडलेले असल्यामुळे ती जीवाणूंच्या लायपोपॉलिसॅकराइडला प्रतिसाद देत नाही. सी५७बीएल/६जे आणि डीबीए/२जे या दोन्ही स्ट्रेनांत वय वाढेल तशी श्रवणशक्ती घटते, म्हणून आवाजावर आधारलेल्या चाचण्या लहान वयातच उरकाव्यात.

टप्पा २: परवानगी, जागा आणि विदर्भाचे वेळापत्रक

प्राण्यांवरील प्रयोगांसाठी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे प्राणी प्रजनन व प्रयोगविषयक नियम लागू होतात. संस्था केंद्रीय समितीकडे नोंदणीकृत असावी लागते आणि प्रत्येक प्रस्तावाला संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते. समितीपुढे उंदरांची संख्या मांडताना केवळ प्रयोगात मोजले जाणारे उंदीर दाखवू नयेत. जनक जोड्या, पहिली पिढी, नको असलेल्या जीनोटाइपची पिल्ले आणि पुढे प्रदेश अरुंद करण्यासाठी लागणारे उंदीर हे सगळे धरूनच आकडा द्यावा. कोणत्या अवस्थेत उंदराचा त्रास थांबवायचा, म्हणजे किती वजन घटल्यावर किंवा कोणते चिन्ह दिसल्यावर त्याला प्रयोगातून बाहेर काढायचे, हेही लेखी ठरवावे.

आपल्याकडील उन्हाळा हा या कामातील सर्वांत मोठा अडथळा आहे. बाहेर ४५ अंश सेल्सिअस असताना उंदरांच्या खोलीचे तापमान २० ते २६ अंशांत ठेवायचे, तर वातानुकूलन हवे आणि वीज गेली तर ते चालू ठेवणारा जनरेटर हवा. डेझर्ट कूलर हा त्याला पर्याय नाही. तो आर्द्रता वाढवतो, त्यामुळे पिंजऱ्यातील अंथरूण लवकर ओले होते, अमोनिया साचतो आणि श्वसनाचे विकार वाढतात. पावसाळ्यात तर त्याने खोली थंडही होत नाही. उष्णतेने नरांची प्रजननक्षमता घटते, वेतातील पिल्लांची संख्या कमी होते आणि माद्या पिल्ले टाकून देतात. वजन, रक्तशर्करा आणि चयापचयाशी संबंधित प्रत्येक लक्षणावर तापमानाचा परिणाम होतो. मे महिन्यात मोजलेले अर्धे उंदीर आणि ऑगस्टमध्ये मोजलेले अर्धे उंदीर एकत्र करून केलेल्या विश्लेषणात ऋतूचाच फरक जनुकाचा म्हणून दिसू शकतो.

म्हणून वेळापत्रक उलट्या बाजूने मांडावे. उंदराची गर्भावस्था १९ ते २१ दिवसांची असते, २१ दिवसांच्या सुमारास पिल्ले आईपासून वेगळी करतात आणि सहा ते आठ आठवड्यांत ती प्रजननक्षम होतात. जुलैच्या सुरुवातीस जनक जोड्या लावल्या, तर पहिली पिढी जुलैअखेर जन्मते आणि सप्टेंबरअखेर जोड्या लावण्याजोगी होते. दुसरी पिढी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात जन्मते आणि तिची दहा आठवड्यांच्या वयातील मोजणी जानेवारीच्या सुरुवातीला उरकते. या क्रमाने महत्त्वाची मोजणी थंडीत होते आणि उन्हाळा विश्लेषणासाठी मोकळा राहतो. प्रत्यक्षात सर्व माद्या एकाच आठवड्यात गाभण राहत नाहीत, म्हणून महिनाभराची सवड अवश्य ठेवावी.

खाद्याबद्दल विदर्भात विशेष दक्षता हवी. स्थानिक बाजारातून ढेप किंवा मिश्र पशुखाद्य आणून उंदरांना देऊ नये. सरकीच्या ढेपेतील गॉसिपॉल नरांच्या शुक्राणुनिर्मितीला बाधा आणते, सोयाबीनमधील आयसोफ्लॅव्होन इस्ट्रोजेनसारखे परिणाम घडवतात आणि बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या ढेपेतील अफ्लाटॉक्सिन यकृत बिघडवते. ठरावीक घटकांचे प्रयोगशाळा-खाद्य एकाच पुरवठादाराकडून घ्यावे आणि प्रत्येक पोत्याचा बॅच क्रमांक नोंदवावा. अंथरुणासाठी भंडारा-गोंदियाकडचे धानाचे तूस सहज मिळते. ते वापरायचे तर ऑटोक्लेव्ह करूनच वापरावे. घरट्यासाठी शेतातला कच्चा कापूस देऊ नये, कारण त्यावर कीटकनाशकाचे अंश असू शकतात.

तपासणी: सोयाबीन आणि धानाची कापणी झाली की शेतातील उंदीर इमारतींकडे वळतात. खोलीच्या दारांखालील फटी, सांडपाण्याच्या नळ्या आणि खिडक्यांच्या जाळ्या दसऱ्यापूर्वी बघून घ्याव्यात. रानउंदरांकडून येणारे विषाणू आणि जंत वसाहतीत शिरले, तर लक्षणाची सर्व मोजमापे संशयास्पद होतात.

टप्पा ३: स्ट्रेनांची निवड

मॅपिंगसाठी दोन्ही जनक इनब्रेड असावे लागतात, म्हणजे किमान २० पिढ्या भाऊ-बहीण संकर होऊन जवळजवळ प्रत्येक स्थान समयुग्मी (दोन्ही प्रती सारख्या) झालेले. बाजारात मिळणारे 'स्विस' उंदीर बहुतेक वेळा आउटब्रेड असतात आणि औषधशास्त्राच्या चाचण्यांसाठी ते सर्वत्र पाळले जातात. त्यांतील प्रत्येक प्राणी जनुकीयदृष्ट्या वेगळा असल्यामुळे साध्या द्विजनक मॅपिंगसाठी ते जनक म्हणून चालत नाहीत. ही चूक ग्रामीण भागातील प्रस्तावांत वारंवार होते, कारण जवळच्या ॲनिमल हाऊसमध्ये तेच उपलब्ध असतात.

दुसरी निकड म्हणजे दोन्ही स्ट्रेनांत मार्कर (डीएनएतील ओळखीच्या खुणा) पुरेसे वेगळे असणे. सी५७बीएल/६जे आणि डीबीए/२जे किंवा बाल्ब/सी ही जोडी पुरेसा फरक देते. रानटी वंशातून आलेल्या सीएएसटी/ईआयजे सारख्या स्ट्रेनमधून याहून कितीतरी अधिक मार्कर मिळतात, पण त्यांचे प्रजनन अवघड असते, काही संकरांत नर वंध्य निघतात आणि जेथे गुणसूत्राचा तुकडा उलटलेला असतो तेथे अदलाबदल दबते. नवख्या गटाने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सावधान: सी५७बीएल/६जे आणि सी५७बीएल/६एन या दोन वेगळ्या उपस्ट्रेनी आहेत. पहिलीत एनएनटी जनुकाचा भाग गळालेला आहे, आणि त्याचा ग्लुकोजच्या नियमनाशी संबंध दाखवला गेला आहे. दुसरीत सीआरबी१ जनुकातील आरडी८ हा बदल आहे आणि तो दृष्टिपटल बिघडवतो. पुरवठादाराच्या कागदावर नुसते 'ब्लॅक सिक्स' लिहिलेले असेल, तर पूर्ण नाव लेखी मागून घ्यावे आणि दोन उपस्ट्रेनी एका वसाहतीत कधीही मिसळू नयेत.

टप्पा ४: संकराची रचना आणि उंदरांची संख्या

येथे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला बॅकक्रॉस: पहिल्या पिढीतील संकरित उंदराचा एका जनक स्ट्रेनशी पुन्हा संकर. दुसरा एफ२: पहिल्या पिढीतील भाऊ-बहिणींचा आपसांत संकर. अप्रभावी लक्षणासाठी बाधित स्ट्रेनकडे बॅकक्रॉस केला, तर निम्मी पिल्ले बाधित निघतात आणि प्रत्येक पिल्लू एका अर्धसूत्री विभाजनाची (जननपेशी तयार करणाऱ्या विभाजनाची) माहिती देते. एफ२ मध्ये एक चतुर्थांश पिल्ले बाधित असतात, पण प्रत्येक बाधित पिल्लू दोन विभाजनांची माहिती देते. २०० एफ२ पिल्लांतून सुमारे ५० बाधित, म्हणजे १०० माहितीपूर्ण विभाजने. बाधित जनक वंध्य असतील किंवा लवकर मरत असतील, तर बॅकक्रॉस शक्यच नसतो आणि विषमयुग्मी (दोन प्रती वेगळ्या असलेल्या) जनकांपासून सुरुवात करून एफ२चाच मार्ग घ्यावा लागतो.

स्पष्ट, एकजनुकी लक्षण कोणत्या गुणसूत्रावर आहे एवढे कळण्यासाठी २० ते ३० बाधित पिल्ले बहुधा पुरतात. सलग बदलणाऱ्या लक्षणासाठी मात्र किमान २०० ते ४०० एफ२ उंदीर धरून चालावे. साठ-सत्तर उंदरांवर असे काम केले, तर मध्यम परिणामाची स्थाने हातून निसटतात. जी सापडतात त्यांचा परिणाम वास्तवापेक्षा मोठा भासतो आणि पुढच्या प्रयोगात तो टिकत नाही. जागा इतक्या उंदरांना पुरत नसेल, तर लक्षण सोपे करावे किंवा मोठ्या संस्थेशी भागीदारी करावी. संख्या कापून तोच प्रश्न पुढे रेटू नये.

संकर दोन्ही दिशांनी करावा, म्हणजे एका जोडीत पहिल्या स्ट्रेनची मादी आणि दुसरीत दुसऱ्या स्ट्रेनची मादी. यामुळे एक्स गुणसूत्राचा, आईच्या दुधा-संगोपनाचा आणि मायटोकाँड्रियाचा परिणाम वेगळा ओळखता येतो. संकरित नराच्या एक्स गुणसूत्रावर, टोकाचा लहानसा भाग वगळता, अदलाबदल होत नाही, हेही येथे लक्षात ठेवावे. बॅकक्रॉसमध्ये संकरित मादी आई असेल तर वेत मोठे मिळते आणि पिल्लांची काळजीही अधिक चांगली घेतली जाते.

तपासणी: प्रत्येक पिंजऱ्याच्या कार्डावर आई-वडिलांचे क्रमांक, जोडी लावल्याची तारीख, वेताची तारीख, जन्मलेली आणि जगलेली पिल्ले या पाच नोंदी असाव्यात. आईपासून वेगळे करण्यापूर्वी बाधित पिल्ले मरत असतील, तर अपेक्षित प्रमाण बिघडते, आणि हे केवळ जन्मवेळची मोजणी असेल तरच कळते.

टप्पा ५: ऊती, डीएनए आणि नमुन्यांचा प्रवास

कानाला ओळखीची खूण करताना निघणारा तुकडा किंवा शेपटीच्या टोकाचा सुमारे दोन मिलिमीटरचा तुकडा डीएनएसाठी पुरतो. एकाच तुकड्यातून ओळख आणि नमुना दोन्ही मिळत असल्यामुळे मला कानाची पद्धत अधिक योग्य वाटते. तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये बुडवून घट्ट झाकणाच्या नळीत ठेवला, तर तो सामान्य तापमानालाही टिकतो. गडचिरोलीहून नागपूर-हैदराबादकडे नमुने पाठवताना बर्फाची साखळी सांभाळण्याची गरज राहत नाही, आणि लांबच्या प्रवासात हा फार मोठा लाभ आहे.

नळीवर साध्या पेनने लिहू नये, इथेनॉलने शाई पुसली जाते. पेन्सिलीने लिहिलेली कागदाची पट्टी नळीच्या आत घालावी आणि झाकणावरही क्रमांक लिहावा. प्रत्येक उंदराचे निम्मे ऊतक पाठवावे आणि निम्मे आपल्याजवळ ठेवावे. कात्री किंवा पंच प्रत्येक उंदरानंतर पुसून स्वच्छ करावा.

९६ खणांच्या प्लेटवर बाधित उंदीर एका बाजूला आणि निरोगी दुसऱ्या बाजूला असे ठेवू नयेत, तर ते मिसळून मांडावेत. प्रत्येक प्लेटवर दोन्ही जनक स्ट्रेनांचा आणि पहिल्या पिढीतील एका उंदराचा नमुना असावा. हे तीन खण वाचवण्याच्या मोहात अनेकांनी पूर्ण प्लेट गमावलेली आहे.

टप्पा ६: जीनोटाइपिंग आणि त्याची चाळणी

पहिल्या फेरीत मार्कर फार दाट असण्याची गरज नाही. साधारण १० ते २० सेंटिमॉर्गन अंतरावर एक, म्हणजे संपूर्ण जीनोमसाठी शंभर-दीडशे मार्कर पुरतात, कारण एका पिढीत प्रत्येक गुणसूत्रावर अदलाबदली मोजक्याच होतात. आज मिनीमुगासारख्या ॲरेवर सुमारे ११ हजार मार्कर एकाच वेळी तपासता येतात आणि वेळ व श्रम पाहता तो मार्ग अनेकदा स्वस्त पडतो. पण दाट मार्करांनी उंदरांची कमतरता भरून निघत नाही. प्रदेश अरुंद होतो तो अदलाबदलींच्या संख्येने, आणि त्या संख्येसाठी उंदीरच लागतात.

माहिती हाती आल्यावर लगेच विश्लेषण सुरू करू नये. आधी पुढील चाळणी याच क्रमाने करावी.

पहिली, लिंग: एक्स आणि वाय गुणसूत्रांवरील मार्कर नोंदवलेल्या लिंगाशी जुळतात का? न जुळणारे एक-दोन नमुने सापडले, तर शेजारच्या खणांशी नमुन्यांची अदलाबदल झाली आहे का हे पाहावे.

दुसरी, वंश: जनकांच्या नमुन्यांत केवळ समयुग्मी आणि पहिल्या पिढीच्या नमुन्यात केवळ विषमयुग्मी निकाल दिसतात का? बॅकक्रॉसच्या पिल्लात ज्या प्रकारचा जीनोटाइप येऊच शकत नाही तो दिसला, तर नमुना चुकीचा आहे किंवा वसाहतीत परकी जोडी शिरली आहे.

तिसरी, प्रमाण: बॅकक्रॉसमध्ये एकास एक आणि एफ२ मध्ये एकास दोनास एक हे प्रमाण सर्व पिल्ले मिळून मोजावे. एकाच प्रदेशात ते बिघडले असेल तर तेथे पिल्ले मरण्याशी संबंधित काही असू शकते, सर्वत्र बिघडले असेल तर नमुन्यांत घोटाळा आहे.

चौथी, जवळजवळच्या दुहेरी अदलाबदली: उंदरात एका अदलाबदलीच्या जवळ दुसरी होणे फार विरळ असते. अगदी जवळच्या तीन मार्करांपैकी फक्त मधलाच वेगळा निघाला, तर ती बहुधा वाचनाची चूक असते. तो मार्कर पुन्हा तपासावा, नसेल जमत तर वगळावा. ही चाळणी केली नाही, तर नकाशा नाहक ताणला जातो आणि खरा प्रदेश चुकीच्या जागी सरकतो.

टप्पा ७: विश्लेषण

एकजनुकी लक्षणाचे गणित कागदावरही करता येते. समजा, ४० माहितीपूर्ण विभाजनांपैकी एका मार्कर आणि लक्षणामध्ये केवळ ४ अदलाबदली दिसल्या. अंतर सुमारे १० सेंटिमॉर्गन येते आणि लॉड गुण सुमारे ६.४ भरतो. लॉड ३ चा अर्थ असा, की मिळालेली माहिती स्थाने जोडलेली असल्यास, ती जोडलेली नसल्याच्या तुलनेत, हजारपट अधिक संभाव्य ठरते. संपूर्ण जीनोम चाळताना मात्र योगायोगाने शिखर दिसण्याची संधी अनेकदा मिळत असल्यामुळे उंबरठा वर न्यावा लागतो. उंदरांसाठी बॅकक्रॉसमध्ये ३.३ आणि एफ२ मध्ये ४.३ हे आकडे १९९५ पासून मार्गदर्शक म्हणून वापरले जातात.

सलग लक्षणांसाठी आर/क्यूटीएल२ हे मोफत सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालते. लिंग, वेत, पिंजरा, मोजणीचा गट आणि महिना हे सहघटक म्हणून घालावेत. उंबरठा छापील आकड्यावरून न घेता आपल्याच माहितीत लक्षणांची किमान १,००० वेळा सरमिसळ करून काढावा. शिखराच्या दोन्ही बाजूंनी बॅकक्रॉसमध्ये १.५ आणि एफ२ मध्ये १.८ लॉड खाली उतरल्यावर जो पट्टा मिळतो, तोच प्रदेश म्हणून सांगावा. शिखराचा बिंदू एकटा सांगणे चुकीचे आहे.

सावधान: निकाल पाहिल्यानंतर लक्षणाची व्याख्या बदलू नये, 'सीमारेषेवरचे' उंदीर सोयीने या किंवा त्या गटात ढकलू नयेत. एकजनुकी मॅपिंगमध्ये एकाच उंदराचे चुकीचे वर्गीकरण खऱ्या जनुकाला प्रदेशाबाहेर फेकू शकते.

टप्पा ८: प्रदेश अरुंद करणे

येथे एक साधे सूत्र उपयोगी पडते. ज्या मार्करशी लक्षणाची एकही अदलाबदल दिसली नाही, त्याच्याभोवतीची ९५ टक्के विश्वासाची मर्यादा सुमारे ३०० भागिले विभाजनांची संख्या इतके सेंटिमॉर्गन असते. १०० विभाजनांत ३ सेंटिमॉर्गन, म्हणजे सुमारे ६० लाख अक्षरे. एवढ्या पट्ट्यात सरासरीने पन्नासेक प्रथिन-जनुके असू शकतात. १,००० विभाजनांत हाच पट्टा सहा लाख अक्षरांवर येतो आणि यादी मोजक्या नावांची उरते.

या टप्प्यावर सर्व नव्या पिल्लांचे संपूर्ण जीनोटाइपिंग करू नये. प्रदेशाच्या दोन टोकांचे दोनच मार्कर तपासावेत आणि ज्यांच्यात त्या दोहोंमध्ये अदलाबदल झाली असेल, तेवढेच उंदीर ठेवून त्यांचे लक्षण काळजीपूर्वक मोजावे. अनेक स्थानांच्या लक्षणासाठी एकच प्रदेश दुसऱ्या स्ट्रेनच्या पार्श्वभूमीवर नेऊन काँजेनिक वंश तयार करतात. त्याला नेहमीच्या पद्धतीने दहा पिढ्या लागतात, पण प्रत्येक पिढीत मार्कर पाहून जनक निवडले तर पाचेक पिढ्यांत काम होते.

टप्पा ९: जनुक सिद्ध करणे

प्रदेशातील जनुकांपैकी ज्याचे नाव आपल्या विषयाशी जुळते ते निवडणे म्हणजे सिद्धता नव्हे. आधी दोन्ही स्ट्रेनांच्या उपलब्ध जीनोम-क्रमांत त्या प्रदेशात प्रत्यक्ष कोणते फरक आहेत ते पाहावे, मग ते जनुक संबंधित ऊतीत व्यक्त होते का ते तपासावे. त्यानंतर पुरावा हवा, आणि तो तीनपैकी एका तरी मार्गाने मिळावा: त्या जनुकाचा ज्ञात निष्क्रिय प्रकार असलेल्या उंदराशी संकर करून लक्षण प्रकट होते का पाहणे, निरोगी जनुकाची प्रत घालून लक्षण दुरुस्त होते का पाहणे, किंवा क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने नेमका तोच बदल निरोगी स्ट्रेनमध्ये घडवून लक्षण निर्माण होते का पाहणे. यासाठी मोठ्या संस्थेची मदत लागेल. ती मदत मागताना आपल्याजवळ स्वच्छ, अरुंद प्रदेश असेल, तर भागीदारी समान पातळीवर होते.

टप्पा १०: उंदराकडून माणसाकडे

या पद्धतीचा वैद्यकीय उपयोग कुठे झाला, हे पाहिले की पुढची पावले कळतात. लठ्ठ 'ओबी' उंदरांतील दोष ६ व्या गुणसूत्रावर मॅप करून १९९४ मध्ये लेप्टिनचे जनुक वेगळे करण्यात आले, आणि पुढे जन्मतः लेप्टिन नसलेल्या माणसांवर लेप्टिन देऊन उपचार करता आले. बीसीजी, साल्मोनेला आणि लेश्मानिया या तीन वेगवेगळ्या रोगजंतूंसाठी स्वतंत्रपणे शोधलेली तीन स्थाने पहिल्या गुणसूत्रावरील एकच जनुक, एनरॅम्प१, निघाले. सी५७बीएल/६ आणि बाल्ब/सी या दोन्ही स्ट्रेनांत या जनुकाचा दुर्बल प्रकार आहे, त्यामुळे त्या दोघांचा आपसांत संकर करून हे स्थान सापडणारच नाही. टप्पा ३ मधील निवड इतकी निर्णायक का, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

गडचिरोलीच्या मलेरियाग्रस्त भागात काम करणाऱ्यांना तिसरे उदाहरण जवळचे वाटेल. उंदरांतील प्लाझमोडियम शाबाउडी या परजीवीला प्रतिकार करणारे चार४ हे स्थान तिसऱ्या गुणसूत्रावर मॅप झाले आणि २००३ मध्ये तेथील पायरुव्हेट कायनेजच्या जनुकातील दोष प्रतिकारास कारणीभूत असल्याचे दाखवण्यात आले. नंतर प्रयोगशाळेत, या विकराची कमतरता असलेल्या मानवी तांबड्या पेशींतही फाल्सिपेरम परजीवीची वाढ खुंटते असे दिसले. उंदरातील परजीवी वेगळा असूनही निष्कर्ष टिकला, कारण तो मानवी पेशींवर स्वतंत्रपणे तपासला गेला.

सिकलसेल हा पूर्व विदर्भातील कुटुंबांचा रोजचा प्रश्न आहे, त्यामुळे 'सिकलसेलसाठी उंदरांत मॅपिंग' असा विषय अनेकांच्या मनात येतो. तो घेताना मर्यादा नीट समजून घ्यावी. सिकलसेलचा मूळ बदल ज्ञातच आहे, म्हणून शोध घ्यायचा तो आजाराची तीव्रता कमी-अधिक करणाऱ्या सहायक जनुकांचा. उंदराला माणसासारखा गर्भावस्थेतील स्वतंत्र गॅमा-ग्लोबिनचा टप्पा नसतो, त्यामुळे साध्या स्ट्रेनांत गर्भीय हिमोग्लोबिनचा प्रश्न विचारताच येत नाही. त्यासाठी मानवी ग्लोबिन जनुके बसवलेले उंदीर लागतात. गर्भीय हिमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए या जनुकाचे महत्त्व आधी माणसांच्या अभ्यासातून पुढे आले आणि २०११ मध्ये सिकलसेलच्या उंदरांत ते बंद करून आजाराची लक्षणे सुधारल्याचे दाखवले गेले. येथे दिशा माणसाकडून उंदराकडे होती. आपल्या प्रस्तावात कोणती दिशा आहे, हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे.

मानवी जीनोममधील समकक्ष प्रदेश शोधताना आधी कोणत्या जीनोम-आवृत्तीवरील स्थाने आपण वापरत आहोत ते नोंदवावे. जीआरसीएम३८ आणि जीआरसीएम३९ या आवृत्त्यांतील आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि जुन्या लेखातील आकडा नव्या आवृत्तीत तसाच टाकला, तर शोध भलत्याच जनुकापाशी पोहोचतो. आवृत्तीचे नाव, मार्करांची यादी, स्ट्रेनांची पूर्ण नावे आणि इथेनॉलमधील राखीव ऊतींचा तक्ता हे सर्व एका वहीत आणि एका संगणक-प्रतीत, दोन वेगळ्या इमारतींत ठेवावे, म्हणजे पुढचा विद्यार्थी त्याच नमुन्यांवरून काम पुढे नेऊ शकेल.